कुठली ब्राह्मी?

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत काष्ठौषधींचं एक जुनं दुकान आहे. तिथं मी ब्राह्मी मागितली, तर मालकांनी तागडी खाली ठेवली. "कुठली देऊ? तेलात घालतात ती, का दुसरी?"

दोन्ही दाखवा म्हटलं. एका पुडीत दातेरी कडांची गोलसर, वाळून चुरगळलेली पानं होती. दुसरीत बारीक काड्या आणि त्यांना चिकटलेली इवलीशी पानं. पहिली मंडूकपर्णी. आपल्याकडे सर्रास हिलाच ब्राह्मी म्हणतात. दुसरी पाणथळ जागी पसरणारी नीरब्राह्मी, ग्रंथांतली ब्राह्मी म्हणून आज बहुतेक जाणकार हिच्याकडे बोट दाखवतात. नात्याचं म्हणाल तर एक कोथिंबिरीच्या कुळातली, दुसरी इसबगोलाच्या.

झाडपाल्याच्या औषधांवर दोन हजार वर्षं ग्रंथ लिहिले गेले आणि या "कुठली?"नं त्यातल्या प्रत्येक लेखकाला छळलं. गुण सांगणं त्या मानानं सोपं. आपल्या डोळ्यांपुढची वेल लांबच्या वाचकाला ओळखता आली पाहिजे, खरी अडचण तिथं आहे.

आपल्या निघंटूकारांनी, म्हणजे औषधींच्या नावागुणांचे कोश रचणाऱ्यांनी, त्यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. चित्र नाही, वर्णन नाही, नुसती नावांची माळ. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात गुळवेलीला मधुपर्णी, अमृता, छिन्नरुहा, वत्सादनी, कुंडली, चक्रलक्षणिका अशी नावं ओळीनं दिली आहेत. छिन्नरुहा म्हणजे तोडली तरी उगवणारी, वत्सादनी म्हणजे वासरं खातात ती. चक्रलक्षणिकेसाठी मी परसातल्या लिंबावरची अंगठ्याएवढी जाड गुळवेल आडवी कापली. वरची कागदासारखी साल निघाली, आत हिरवट कड आणि मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या रेषा. बैलगाडीचं चाक, आऱ्यांसकट! श्लोक पाठ असलेल्या वैद्याला रानात ही खूण पुरेशी होती.

पण या माळेत एक गोम आहे. त्याच भावप्रकाशात हिरड्यालाही अमृता म्हटलंय. गुळवेलीच्या नावांत जीवंती येतं आणि जीवंती नावाचं वेगळं औषधही आहे. संदर्भ माहीत असलेला गुरू शेजारी बसलेला असेल, तोवर ठीक.

ग्रीकांनी चित्रांचा मार्ग धरला. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीझ या वैद्यानं सुमारे ६०० वनस्पतींची माहिती लिहिली. युरोप आणि अरब जगात तिच्या नकला पुढं दीड हजार वर्षं होत राहिल्या. इ. स. ५१२च्या सुमाराची कॉन्स्टँटिनोपलची सचित्र प्रत व्हिएन्नात आजही आहे. पण नकलेवरून नकल काढताना पानांचा आकार सरकत जातो. चित्रं फसवतात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकातच करून ठेवली होती.

मग १५३०मध्ये ब्रुनफेल्स या जर्मन अभ्यासकाचं वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. त्यातली चित्रं हान्स वाइडिट्झनं जिवंत झाडं समोर ठेवून काढली होती. कोमेजलेलं पान कोमेजलेलंच, किडीनं खाल्लेलं तसंच! लाकडी ठशांमुळं प्रत्येक प्रतीत चित्रही तेच.

आपल्या किनाऱ्यावरचं मोठं काम म्हणजे 'हॉर्टस मलबारिकस'. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानं हाती घेतलेले त्याचे १२ खंड अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात निघाले, ७४२ वनस्पतींचे. मलबारी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी त्यात माहिती पुरवली. त्यांची साक्ष पहिल्या खंडात देवनागरीत छापलेली आहे. शिवराय हयात असताना हॉलंडात छापलेली देवनागरी! आपल्याकडे याचा गवगवा व्हायला हवा तेवढा होत नाही.

पुढं लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३मध्ये प्रत्येक जातीला दोन शब्दी लॅटिन नाव दिलं आणि नावामागं वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना ठेवायची पद्धत रुळली. शंभरेक वर्षांपूर्वी डॉ. वामन गणेश देसाईंनी मराठी 'औषधीसंग्रहा'त ही लॅटिन नावं आणली. आपल्या जिल्ह्यापुरतं म्हणाल तर श्री. रं. यादव आणि मिलिंद सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ २००२ सालचा. असे नमुने शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जपून ठेवलेले आहेत.

दुकानात मी शेवटी विचारलं, चूर्ण असेल तर द्या, कुटायचा त्रास नको. मालकांनी बरणीला हातही लावला नाही. "चूर्ण झाल्यावर मलाच ओळखू येत नाही, तुम्ही काय ओळखणार? हीच न्या, पान तरी दिसतंय."