खुर्चीचं भाडं की टक्केवारी? आधी गल्ला कुणाचा ते बघा

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या स्टायलिस्टने सलूनशी पैशांचं कसं ठरवावं, हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अगं, एकच आहे ते. टक्क्याने दिलं काय नि भाड्याने दिलं काय, मालकाला द्यायचंच ना!" चांगल्या, हात तयार असलेल्या मुली हे वाक्य ऐकून सही करतात आणि वर्षभराने कपाळाला हात लावतात. मी दोन्ही पद्धतींनी काम केलंय आणि आता दुसऱ्यांचे हिशेबही बघते. म्हणून एकदाच नीट सांगते.

टक्केवारी बहुतेकींना माहीत असते, कारण सुरुवात तिथूनच होते. झालेल्या कामातला ठरलेला हिस्सा तुम्हाला, उरलेला सलूनला. रंग, टॉवेल, वीज, रिसेप्शन हे सगळं सलूनचं. काम नाही आलं तर दोघांच्याही हाती काही नाही. एवढं पुरे.

खुर्चीच्या भाड्यात तुम्ही आठवड्याला किंवा महिन्याला एक ठरलेली रक्कम सलूनला देता. त्या बदल्यात खुर्ची, आरसा, वॉशबेसिन, वेटिंगची जागा वापरता. क्लायंट तुमचा, दर तुमचे, सामान तुमचं, वेळ तुमची. खुर्ची रिकामी राहिली तरी भाडं चुकत नाही. भाडं आठवड्याने द्यायचं की महिन्याने, रोख की खात्यात, आगाऊ की नंतर, यावर लोक तासन् तास घासाघीस करतात. त्याने फारसं काही बिघडत नाही, सोयीचं असेल ते घ्या.

खरी गफलत वेगळ्याच जागी होते. "ठरलेली रक्कम म्हणजे भाडं आणि टक्के म्हणजे कमिशन" अशी व्याख्या लोकांनी मनाशी पक्की केलेली असते, आणि ती चूक आहे. रक्कम मोजायची कशी हा दुय्यम मुद्दा झाला. क्लायंटचा पैसा आधी कुणाच्या हातात पडतो, यावर व्यवहाराची जात ठरते.

एक शनिवार संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. चार तासांचं हायलाइट्सचं काम संपलंय. फॉइलचा चुरगळलेला ढीग अजून ट्रॉलीवर पडलाय, तुमच्या बोटांना रंगात मिसळायच्या डेव्हलपरचा वास येतोय. क्लायंट आरशात मान वळवून मागचे केस बघते, खूश होते आणि काउंटरला जाऊन कार्ड काढते. आता सांगा, कार्डाचं मशीन कुणाचं? पावतीवर वरती नाव कुणाचं? त्या क्षणी पैसे कुणाच्या खात्यात गेले?

मशीन तुमचं असेल तर ती विक्री तुमची. पूर्ण रक्कम तुमची उलाढाल आणि सलूनला दिलेलं भाडं तुमचा खर्च. सलून तुमचा पुरवठादार आहे, जसा रंगाच्या ट्यूब देणारा आहे तसा. मशीन सलूनचं असेल तर क्लायंटने सलूनकडून सेवा विकत घेतली. तुम्हाला मिळेल ते सलून देणार, सलूनच्या सवडीने, सलूनच्या हिशेबाने. त्या रकमेला कागदावर काहीही नाव दिलं तरी पैशाची दिशा बदलत नाही.

आता त्या पक्क्या व्याख्येकडे परत बघा. समजा तुम्ही क्लायंटकडून स्वतः पैसे घेता आणि महिनाअखेर उलाढालीचे वीस टक्के सलूनला देता. मोजणी टक्क्यांत झाली, पण हे भाडंच आहे. तुमच्या कामाबरोबर कमीजास्त होणारं भाडं. उलट बाजूने बघा. सगळा पैसा सलूनच्या गल्ल्यात जातो, सलून त्यातून "खुर्चीचं भाडं" म्हणून ठरलेली रक्कम कापून घेतं आणि उरलेलं पुढच्या महिन्यात तुम्हाला देतं. इथे रक्कम ठरलेली आहे, शब्द भाड्याचा आहे, पण गल्ला सलूनचा आहे. खुर्ची रिकामी राहिली तर नुकसान तुमचं, आणि भरलेली असली तरी पैसा दुसऱ्याच्या ताब्यात. दोन्ही पद्धतींतला वाईट तेवढा भाग या मांडणीत एकत्र येतो, आणि नेमकी हीच मांडणी सर्रास दिसते. माझा राग आहे तो यावर.

मी स्वतः अशा एका ठिकाणी काम केलंय. एका क्लायंटचा रंग आठवड्याभरात पिवळट-नारिंगी पडला. माझ्या हिशेबाने टोनर, म्हणजे रंगाची छटा सुधारणारं द्रव्य, लावून पाऊण तासात सुटणारं काम होतं आणि मी ते फुकट करून देणार होते. पण ती आली तेव्हा मी दुसऱ्या खुर्चीवर कापत होते. काउंटरवरून मला न विचारता तिला पूर्ण पैसे परत दिले गेले. महिन्याच्या हिशेबात ती रक्कम माझ्या हिश्शातून वजा, आणि भाडं मात्र पूर्ण कापलेलं. मी विचारलं तर उत्तर आलं, "तुझं काम होतं ना?" काम माझं होतं, तर पैसे परत करायचे की काम दुरुस्त करून द्यायचं हे ठरवायचा हक्क माझा हवा होता. तो हक्क गल्ल्याबरोबर सलूनकडे गेलेला होता, आणि सही करताना मला ते कळलंच नव्हतं.

गल्ल्याबरोबर अशा पुष्कळ गोष्टी जातात. सवलत कोण देणार? गल्ला सलूनचा असेल तर "नव्या क्लायंटला तीस टक्के सूट" सलून जाहीर करतं आणि ती सूट तुमच्या हिश्शातून निघते. गिफ्ट व्हाउचरचं बघा. पैसे सलूनने चार महिन्यांपूर्वी घेतलेले असतात आणि ते कार्ड घेऊन क्लायंट आज तुमच्या खुर्चीत बसते. टक्केवारीत याचं उत्तर सोपं आहे, व्हाउचरच्या रकमेवर तुमचा हिस्सा. खऱ्या भाड्यात सलूनने ती पूर्ण रक्कम तुम्हाला द्यायला हवी, कारण काम तुमचं झालं. करारात हे लिहिलेलं नसेल तर तोंडी भांडण ठरलेलं. कार्डावर दिलेली टिपही तशीच अडकते. आणि सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे सलून बुडालं तर. तुमच्या कामाचा पैसा त्यांच्या खात्यात असेल तर तुम्ही बाकी घेणेकऱ्यांच्या रांगेत उभ्या राहता. पैसा तुमच्या खात्यात असेल तर फक्त नवी खुर्ची शोधावी लागते.

हा माझ्या एकटीचा हट्ट नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२०पासून कोण स्वतंत्र आणि कोण नोकर हे ठरवण्याचे नियम कडक झाले. परवानाधारक केशकर्तनकार आणि ब्युटिशियन यांना तिथे वेगळी सवलत आहे, पण अटी बघण्यासारख्या आहेत. दर स्वतः ठरवायचे, पैसे स्वतः घ्यायचे आणि ते थेट क्लायंटकडून यायला हवेत, कामाचे तास आणि कोणाचं काम करायचं हे स्वतः ठरवायचं, क्लायंटची यादी आणि अपॉइंटमेंट स्वतःच्या, व्यवसायाचा परवाना स्वतःचा. यातली मला सर्वांत आवडलेली अट शेवटची. सलूनच्या जागेत काम करत असाल तर वर्षाच्या शेवटी दिलेल्या पैशांचा कर-फॉर्म स्टायलिस्टने सलूनमालकाच्या नावे काढायचा. एरवी मालक स्टायलिस्टला तो फॉर्म देतो, इथे बरोबर उलट. पैसा कुणाकडून कुणाकडे जातो ते त्या एका कागदावर दिसतं. तुमच्याकडे हा कायदा लागू नसला तरी अटींची ही यादी स्वतःच्या कराराशेजारी ठेवून वाचा.

"भाडं" या शब्दानेही फसू नका. ब्रिटनमध्ये काही सलूनवाले बराच काळ म्हणत होते की आम्ही नुसती जागा भाड्याने देतो, त्यामुळे यावर व्हॅट लागत नाही. १ ऑक्टोबर २०१२पासून तिथल्या कायद्यात स्पष्ट केलं गेलं की केशकर्तनाची सोय पुरवणं हे जमीन भाड्याने देण्यासारखं करमुक्त धरायचं नाही. मला यातून घेण्यासारखं वाटतं ते एवढंच की भाड्याच्या रकमेत काय काय मिळतंय ते लिहून घ्यायला हवं. बेसिनवर गरम पाणी, टॉवेलची धुलाई, फोन उचलणारं माणूस, वाय-फाय, सामान ठेवायला कुलपाचं कपाट. नुसती "खुर्ची" लिहिली असेल तर पुढच्या महिन्यात टॉवेलचे पैसे वेगळे मागितले जातात.

आता आकडेमोड. लोक सगळा वेळ इथेच घालवतात आणि तरी चुकतात. समजा आठवड्याचं भाडं ८०० आहे आणि टक्केवारीत तुम्हाला निम्मे मिळतात. बहुतेक जणी ८०० दुप्पट करून म्हणतात, आठवड्याला १,६००च्या वर काम झालं की भाडं परवडतं. यात सामान राहून गेलं. टक्केवारीत रंग, फॉइल, हातमोजे सलूनचे असतात, भाड्यात ते तुमचे. सामानावर कामाचे दहा टक्के जातात असं धरलं तर भाडं द्यायला तुमच्याकडे निम्मे नाही, चाळीस टक्केच उरतात. म्हणजे बरोबरीचा आकडा २,०००. आठवड्याला १,८०० काम करणारी मुलगी टक्केवारीत ९०० घरी नेते आणि भाड्यात ८२०, आणि तिला वाटतं की आपण स्वतंत्र झालो म्हणून कमाई वाढली. मंद आठवड्यात ७००चंच काम झालं तर टक्केवारीत ३५० हातात येतात आणि भाड्यात १७० खिशातून जातात. रंगाचं काम जास्त असेल तर सामानाचे दहा टक्के कधीच पुरत नाहीत, आणि बरोबरीचा आकडा आणखी वर सरकतो.

टक्के कशावर मोजायचे, एवढंच टक्केवारीबद्दल आणखी विचारा. सवलतीआधीच्या दरावर की नंतरच्या? सामानाचे पैसे आधी वजा करून की न करता? सामान कापून साठ टक्के हे न कापता मिळणाऱ्या पन्नासपेक्षा चांगले असतीलच असं नाही, विशेषतः सामानाचा दर सलून स्वतः लावत असेल तर. शॅम्पू-सीरम विकण्यावरचं कमिशन वेगळं असतं. ते किरकोळ, मिळालं तर घ्या.

माझं मत विचाराल तर ठाम आहे. क्लायंट अजून सलूनच्या दारातून येत असतील, तुमच्या फोनवर नाही, तर टक्केवारीवर राहा आणि त्यात कमीपणा मानू नका. आणणारा सलून असेल तर त्याला हिस्सा हक्काचा आहे. तुमची डायरी तुमच्याच नावाने भरत असेल तर भाडं घ्या, पण गल्ल्यासकट. गल्ला मिळत नसेल तर त्या भाड्यापेक्षा साधी टक्केवारी बरी, कारण तिथे निदान रिकाम्या खुर्चीचा बोजा सलूनही उचलतं. "ठरलेलं भाडं किंवा अमुक टक्के, यातलं जे जास्त असेल ते" हे कलम मी कुणालाही मान्य करू देत नाही. त्यात वाईट आठवड्याचं नुकसान पूर्ण तुमचं आणि चांगल्या आठवड्याचा फायदा वाटून. आणि भाडं घेऊन वर "सकाळी दहाला हजर, काळा टी-शर्ट, दर आमच्या कार्डाप्रमाणे" असं सांगणाऱ्या मालकाला सरळ विचारा, हे सगळं तुम्ही ठरवणार असाल तर भाडं कशाचं?

सही करण्याआधी त्या सलूनमध्ये क्लायंट म्हणून एकदा केस कापून या आणि पावती मागून घ्या. वर कुणाचं नाव छापलंय ते बघा. मग स्वतःच्या गेल्या बारा आठवड्यांच्या कामाचे आकडे काढा, त्यातले सर्वांत मंद तीन आठवडे बाजूला घ्या आणि भाड्याचा हिशेब त्या तिन्हींवर करा.