पार्श्वभूमी: गणपती कधी बसणार, हे आपल्याला नक्की कुणी सांगितलं?

यंदा चतुर्थी कधी असं पुण्यात कुणालाही विचारा, तारीख ठणकावून सांगतील, पण ती आकाशाकडे बघून काढलेली नसते, भिंतीवरच्या कॅलेंडरमधून उचललेली असते. आणि कॅलेंडरवाल्यांनी ती पंचांगातून घेतलेली असते.

दुसऱ्याच्या शब्दावर घेतलेलं हे असलं ज्ञान खरं धरायचं का, यावर आपल्याकडे फार आधीपासून भांडण आहे. चार्वाकांनी सरळ नाही म्हटलं, बौद्ध आणि वैशेषिक म्हणाले की हे वेगळं काही नाही, अनुमानातच जमा करा, आणि नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांनी, मात्र शब्दाला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे खऱ्या ज्ञानाचं साधन, मानलं. त्यांच्या न्यायभाष्यात तर सांगणारा ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, आप्त (ज्याच्या शब्दावर विसंबावं असा) असण्याची कसोटी सगळ्यांना सारखीच, असं स्वच्छ लिहिलंय.

आता पुणे. इथली पंचांगं बरीच वर्षं 1520 च्या ग्रहलाघवावर चालायची, करणग्रंथ, म्हणजे पंचांगाचं गणित सोपं करून देणारा ग्रंथ, म्हणून तो भारीच, पण तीनशे-साडेतीनशे वर्षांत आकडे सरकले आणि ग्रहणाची वेळ चुकायला लागली की लोकांना दिसायचंच. मग 1865 च्या सुमारास इथल्याच एका गणिताच्या प्रोफेसरांनी युरोपियन पद्धतीचं नवं गणित घेऊन पंचांग काढलं. म्हणजे म्लेंच्छही आप्त झाला, फक्त तसं कुणी बोललं नाही.

खरी गडबड झाली ती राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची यावर, आणि हा विषय अजून मिटलेला नाही. रेवती पक्ष म्हणतो, जुन्या ग्रंथांत रेवतीचा योगतारा (नक्षत्राची खूण म्हणून धरलेला तारा) जवळजवळ शून्यावरच दिलाय, तिथूनच मोजा. चित्रा पक्ष म्हणतो, तो तारा नक्की कुठला हेच वादाचं, त्यापेक्षा ठळक चित्रा 180 अंशांवर धरा आणि तिच्या बरोबर समोर शून्य घ्या. आता गंमत बघा, रेवतीचा म्हणून जो तारा धरतात तो पाचव्या प्रतीचा, पुण्याच्या उजेडात साध्या डोळ्यांनी दिसणं अवघडच, आणि चित्रा पक्षाचा शून्यबिंदू म्हणजे नुसती मोकळी जागा, तिथे खुणेला म्हणून एकही तारा नाही! दोघांची भिस्त शेवटी पोथ्यांवर, त्या उतरवणाऱ्यांवर. मला विचाराल तर रेवतीवाल्यांचं म्हणणं जास्त सरळ वाटतं, निदान बोट दाखवायला तारा तरी आहे. (सायनवादी, म्हणजे ताऱ्यांऐवजी वसंतसंपातापासून, मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होताना सूर्य असतो त्या बिंदूपासून, मोजणारे, हा तिसरा पक्षही होता, त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहू.)

रेवती आणि चित्रा दोन्हींत फरक साधारण 4 अंशांचा, सूर्य दिवसाला अंशभर सरकतो, म्हणजे 4 दिवसांचा. म्हणून टिळक पंचांगात, जे रेवतीवालं, मकरसंक्रांत 10 जानेवारीला येते आणि बाकीच्यांची 14 किंवा 15 ला. एवढ्याने कुणाचं बिघडत नाही, पण सूर्य दर महिन्याला रास बदलतो त्या सगळ्याच संक्रांती अशा सरकतात, आणि ज्या चांद्र महिन्यात संक्रांत येत नाही तो अधिक, त्यामुळे कधीकधी अधिक महिनाच बदलतो. 2012 ला तसंच झालं, बहुतेकांचा भाद्रपद अधिक असल्यामुळे गणपती 19 सप्टेंबरला बसले आणि टिळक पंचांगवाल्यांचे त्याच्या जवळजवळ महिनाभर आधी, ऑगस्टमध्येच, बसून उठलेसुद्धा. शेजारच्या काकू विचारतात, अहो तुमचे आत्ताच कसे? उत्तर एकच, आमच्याकडे हेच पंचांग चालतं. घरात चालत आलंय म्हणून, कुणी काही मोजून बघितलंय म्हणून नाही.

1952 ला केंद्र सरकारने कॅलेंडर सुधारणा समिती नेमली. 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय कॅलेंडर आलं ते सायन, पण सणवारांसाठी समितीने 21 मार्च 1956 चा अयनांश (वसंतसंपात आणि राशिचक्राचं शून्य यांतलं अंतर) 23 अंश 15 कला असा ठरवून दिला, जो चित्रा पक्षाच्या अगदी जवळचा. शास्त्रापेक्षा ही तडजोड जास्त होती, देशातल्या बऱ्याच पंचांगांना त्यातल्या त्यात जवळचा पडणारा आकडा निवडला गेला. त्यात पुण्याचं रेवतीचं म्हणणं बाजूला पडलं ते पडलंच. सोलापूरचं दाते पंचांग चित्रेचंच, त्यात 1973 पासून छापील कॅलेंडर घरोघरी दारामागे लटकायला लागलं, त्यावरही तोच हिशोब, मग ज्यांच्या आजोबांनी टिळक पंचांग पाळलं त्यांच्यातलेही बरेच हळूहळू तिकडे गेले, मुलांच्या शाळेची सुट्टी एका गणपतीलाच मिळते ना.

आता फोनवर पंचांगाची ॲप्स आहेत. बऱ्याच ॲप्समध्ये अयनांश निवडायची सोय असते आणि आधीपासून टिक केलेला असतो तो त्याच समितीच्या सेक्रेटरींच्या, लाहिरींच्या, नावाचा. रेवतीवाला पर्याय असलाच तर खाली कुठेतरी, आणि ते सेटिंग उघडून बघणारा माणूस मला तरी अजून सदाशिव पेठेतसुद्धा भेटलेला नाही.