जर्मनीत जुनी वर-खाली दुनळी घेताना: पात्रता, कागदपत्रे आणि बंदुकीची पारख

बंदुकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सूल किंवा उल्म या जर्मन शहरांतली जुनी दुनळी, जिच्या नळ्या शेजारी-शेजारी नसून एकावर एक असतात, जर्मनीत विकत घेणे कायद्याने फारसे किचकट नाही. घोटाळा होतो तो क्रमात. बंदूक आधी आवडते, परवाना आणि तिजोरी यांचा विचार नंतर होतो आणि नळ्यांवरचे चाचणीचे शिक्के तर बहुतेकदा नोंदणीच्या दिवशीच वाचले जातात. क्रम उलटा हवा: आधी स्वतःची पात्रता, मग शिक्के, मग बाकीची बंदूक, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

कोणाला घेता येते

सोपा मार्ग शिकाऱ्याचा. एक किंवा तीन वर्षांचा शिकार परवाना, म्हणजे याग्डशाइन, चालू असेल तर लांब नळीची बंदूक घेण्यासाठी आधी वेगळी परवानगी लागत नाही. बंदूक ताब्यात आल्यापासून दोन आठवड्यांत मालकीपत्रासाठी (वाफेनबेझिट्सकार्टे) अर्ज करायचा. पत्र आधीपासून असेल तर त्यात नोंद करून घ्यायची. १४ दिवसांच्या तात्पुरत्या परवान्यावर ही सवलत नाही.

तारखेवर लक्ष ठेवा. जर्मनीत शिकारीचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. ३१ मार्चला परवाना संपला आणि नूतनीकरण न करता २ एप्रिलला बंदूक घेतली, तर ती बेकायदा खरेदी ठरते. विक्रेताही अडकतो, कारण समोरच्याचा हक्क तपासूनच बंदूक हाती देणे ही त्याची जबाबदारी आहे.

याग्डशाइनसाठी शिकार परीक्षा उत्तीर्ण असावी लागते आणि जबाबदारी विमा लागतो. विम्याचे किमान संरक्षण माणसांच्या इजेसाठी ५ लाख युरो आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी ५० हजार युरो. अर्ज जिल्ह्याच्या शिकार कार्यालयात करतात.

दुसरा मार्ग नेमबाजाचा. मान्यताप्राप्त संघटनेशी जोडलेल्या क्लबात किमान १२ महिने नियमित सराव हवा, शिवाय संघटनेचा गरजेचा दाखला हवा. सराव नियमित धरला जातो तो साधारणपणे महिन्यातून एकदा किंवा वर्षातून १८ वेळा केलेला असेल तर. अशा नेमबाजाला पिवळे मालकीपत्र मिळते. दुनळीची प्रत्येक नळी हाताने भरावी लागते, त्यामुळे ती या पत्रात बसते. त्यावर जास्तीत जास्त १० शस्त्रे घेता येतात, आणि साधारणपणे सहा महिन्यांत दोनपेक्षा जास्त नाही.

भारतातून गेलेल्यांनी एक कलम आधीच वाचावे. अर्जदाराचे जर्मनीतले नेहमीचे वास्तव्य किमान पाच वर्षांचे नसेल तर शस्त्रपरवाने देणारे कार्यालय परवानगी नाकारू शकते. नाकारलेच पाहिजे असे नाही, पण नाकारण्याचा अधिकार त्यांना आहे. म्हणून सौद्याच्या आधी लेखी विचारून ठेवा.

कागद आणि तिजोरी

खरेदीच्या दिवशी पासपोर्ट किंवा ओळखपत्र, मूळ याग्डशाइन आणि असल्यास मूळ मालकीपत्र जवळ ठेवा. छायाप्रतीवर विक्रेत्याने बंदूक देऊ नये. दुकानदाराकडून घेत असाल तर राष्ट्रीय शस्त्र नोंदवहीतले तुमचे व्यक्ती क्रमांक आणि परवाना क्रमांकही लागतात, कारण दुकानदार विक्री थेट त्या नोंदवहीत चढवतो. हे क्रमांक कार्यालयाकडून मिळतात. पहिल्याच खरेदीला ते हाताशी नसतात आणि तिथे चार दिवस जातात.

तिजोरी आधी, बंदूक नंतर. जुलै २०१७ पासून नव्याने घेतलेली तिजोरी ईएन ११४३-१ मानकाच्या किमान ० श्रेणीची असावी लागते. जुनी ए किंवा बी वर्गाची कपाटे फक्त आधीपासून वापरणाऱ्यांनाच चालतात. सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळतात म्हणून घेऊन उपयोग नाही. कुलूप शक्यतो आकड्यांचे घ्या. किल्ली तिजोरीइतक्याच सुरक्षित ठिकाणी ठेवली पाहिजे, असा निकाल म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे. मग किल्लीसाठी दुसरी तिजोरी घ्यायची का, असा प्रश्न उरतो, म्हणून आकड्यांचे कुलूप बरे. तिजोरीचे बिल आणि आतल्या मानक-पट्टीचा फोटो अर्जासोबत जोडा.

शिक्के वाचणे

नळ्या उतरवा आणि मागच्या टोकाकडचा खालचा भाग पाहा. बंदुकीची खरी जन्मपत्रिका तिथेच कोरलेली असते.

मुकुटाखाली N किंवा गरुडाखाली N असेल तर नळ्यांची चाचणी धूररहित दारूने झाली आहे. मुकुटाचे शिक्के १८९१ च्या कायद्याचे, गरुडाचे १९४० पासूनचे. जुन्या नळीवर यांपैकी काहीच नसेल तर ती काळ्या दारूपुरतीच धरा. मुकुटाखालचा W म्हणजे नळीला चोक आहे, म्हणजे ती तोंडाशी किंचित अरुंद आहे. हरणाचे शिंग उल्मच्या चाचणी कार्यालयाचे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या सूलच्या नळ्यांवर महिना आणि वर्ष सलग असतात. १२२७ म्हणजे डिसेंबर १९२७. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत वर्षासाठी अक्षरे आली: ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असे पुढे. एचबी वाचायचे ते १९७१.

यानंतर बोर (नळीच्या व्यासाचे माप) आणि चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या भागाची, लांबी पाहा. युद्धापूर्वीच्या बंदुकांत १६ बोर आणि ६५ मिलिमीटरचे चेंबर खूप आढळते. आजची बहुतेक काडतुसे ७० मिलिमीटरची. न उडालेले ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसते, आणि धोका तिथेच आहे: उडताना काडतुसाचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते आणि दाब वाढतो. शिक्का ६५ सांगतो आणि मापकाठी ७० दाखवते, म्हणजे कोणीतरी चेंबर वाढवले आहे. असे काम झाल्यावर बंदूक पुन्हा चाचणी कार्यालयात जायला हवी. नवा शिक्का नसेल तर तिने गोळी झाडणेही चुकीचे आणि ती दुसऱ्याला देणेही.

पोलादी छऱ्यांसाठीच्या जास्त दाबाच्या काडतुसांना लिलीच्या फुलाचा शिक्का लागतो. जुन्या जर्मन दुनळीवर तो नसतोच म्हणा ना. फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागेत आणि तिच्यापासून १०० मीटरच्या आत शिशाचे छरे चालत नाहीत. बदकांवर जायचे असेल तर शिशाऐवजी बिस्मथ या धातूच्या छऱ्यांचा खर्च गृहीत धरूनच भाव करा.

बाकीची बंदूक

विक्रेत्याला विचारून, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, पुढचे लाकूड काढा. त्यातल्या स्प्रिंगच्या जोराने सैलपणा झाकला जातो. आता दस्त्याच्या मानेला धरून नळ्या हलवा. खटखट जाणवली तर बिजागर किंवा कुलूप झिजले आहे. बंद बंदूक उजेडासमोर धरा. नळ्या आणि मागची भिंत यांच्यात प्रकाशाची रेघ दिसू नये. बंदूक उघडायची वरची कळ नव्या बंदुकीत मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे थांबते. झीज वाढते तशी ती मध्ये येते आणि मग डावीकडे सरकते.

मर्केलच्या २००ई किंवा २०३ई सारख्या बंदुकांत केर्स्टन पद्धतीचे आडवे कुलूप असते. वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंचे कान मागच्या खाचांत शिरतात आणि आडवा बोल्ट त्यांतून जातो. खाचांत घट्ट झालेले तेल आणि काजळी असेल तर झिजलेली बंदूकही घट्ट भासते, म्हणून खाचा पुसून मगच हलवून पाहा. क्रीगहोफच्या के-८० मध्ये वरून सरकणारी झडप असते. तिथे झडपेची पकड बघायची. मॉडेलमधला ई म्हणजे इजेक्टर, म्हणजे बंदूक उघडताच काडतूस बाहेर फेकणारी यंत्रणा. डमी काडतुसे घालून दोन्ही घोडे पाडा आणि उघडा: दोन्ही काडतुसे एकदम उडाली पाहिजेत. एकच घोडा पाडला तर त्याच नळीतले उडावे.

नळीतून उजेडाकडे पाहताना काळी गोल कडी दिसली तर नळी आतून फुगली आहे. अशी बंदूक परत द्या, भाव पाडायच्या भानगडीत पडू नका. नळ्या टांगून बोटाने टिचकी मारा. स्वच्छ घंटानाद हवा. खरखर ऐकू आली तर नळ्यांना जोडलेल्या लांब पट्टीचे झाळकाम सुटले आहे. ताजी, चकचकीत काळी झिलई पाहून हुरळू नका. गरम क्षारांच्या टाकीत केलेली झिलई जुने मऊ झाळकाम खाते आणि पट्टीखाली उरलेले क्षार आतून गंजवत राहतात. तोंडाशी पट्टी अर्धवट संपत असेल किंवा चोक मोजल्यावर शून्य निघत असेल, तर नळ्या कापलेल्या आहेत.

दस्ता मागच्या कुलुपाशी जिथे मिळतो तिथे केसासारखी भेग शोधा. तेलाने काळे पडलेले लाकूड दाबल्यास मऊ लागते.

ताबा आणि नोंद

बंदुकीच्या आवश्यक भागांवरचे क्रमांक, म्हणजे नळ्या आणि मागची पेटी, विक्रेत्याच्या मालकीपत्राशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. जुन्या नोंदींत १६/६५ चे १६/७० झालेले असते, दुनळीऐवजी एक नळी रायफलची असलेली बॉकब्युक्सफ्लिंटे लिहिलेली असते, किंवा नळ्यांचा दुसरा जोड नोंदीतच नसतो. जादा नळ्यांचीही नोंद सक्तीची आहे. चूक विक्रेत्याच्या कार्यालयातून, विक्रीच्या आधी दुरुस्त करून घ्या. नंतर ती तुमची होते.

करारपत्रात निर्माता, प्रकार, बोर, क्रमांक, दोघांचे परवाने आणि ताबा देण्याची तारीख असू द्या. दोन आठवड्यांची मुदत पैसे दिल्याच्या नव्हे, ताबा घेतल्याच्या दिवसापासून मोजतात. खासगी व्यवहारात घेणारा आणि देणारा दोघांनीही दोन आठवड्यांत आपापल्या कार्यालयाला कळवायचे असते. घरी नेताना बंदूक रिकामी आणि कुलूपबंद पेटीत.

पैसे देण्याआधी चांदमारीवर चालवून पाहायची असेल तर याग्डशाइनधारकाला लेखी उसनवारीवर ती जास्तीत जास्त एक महिना नेता येते. वारसाहक्काच्या बंदुकीत ती चालवता येऊ नये म्हणून अडवणारे यंत्र बसवलेले असू शकते. ते अधिकृत कारागिरानेच काढायचे, तेव्हा त्याचा खर्च कोण देणार हे करारातच लिहा. आणि बंदूक ऑस्ट्रियातल्या विक्रेत्याकडे असेल तर सीमा ओलांडण्याआधी दोन्ही देशांची लेखी संमती हवी. याग्डशाइन खिशात आहे म्हणून ती गाडीत टाकून आणता येत नाही.