मोठा ग्रुप, छोटं टेबल: मॅप टेबलावर आला कसा आणि मावेनासा झाला कसा

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारखा रोलप्लेइंग खेळ, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि बोलून, फासे टाकून गोष्ट पुढे न्यायची. आठ जणांचा ग्रुप, सहा फूट बाय तीन फूट टेबल आणि मधे ३४.५ बाय ४८ इंचाची मोठी बॅटलमॅट, म्हणजे लढाईचा मॅप काढायची चौकोन आखलेली चटई. टेबलाची रुंदी ३६ इंच, म्हणजे समोरासमोर बसलेल्यांना प्रत्येकी पाऊण इंच कडा उरते. त्यात कॅरेक्टर शीट (आपल्या पात्राच्या माहितीचा कागद) कुठं ठेवायचं, फासे कुठं टाकायचे, हा प्रश्न मोठा ग्रुप चालवणाऱ्या प्रत्येक डीएमला (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) पडतो आणि बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं की मोठं टेबल घेऊ. माझं मत वेगळं आहे, आणि ते या खेळाचा इतिहास वाचून झालंय. सुरुवातीला हा खेळ आजच्यापेक्षा कितीतरी मोठ्या ग्रुपसाठी होता आणि तेव्हा मॅप टेबलाच्या मधोमध नसायचाच.

पार मागून सुरू करतो. १८१२ साली गेऑर्ग लिओपोल्ड फॉन राइसवित्झने प्रशियाच्या राजाला युद्धखेळाचं एक टेबल करून दिलं, खाली खण असलेलं जवळजवळ कपाटच ते, वर नद्या, रस्ते, टेकड्यांचे चौकोनी तुकडे जुळवायचे आणि हवा तसा प्रदेश तयार करायचा. दिसायला अप्रतिम, पण असं टेबल ठेवणार कोण, राजाच. मग १८२४ मधे त्याच्या मुलाने तोच खेळ साध्या कागदी नकाशावर आणला, १:८००० स्केलचा, आणि नियम असा की दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला द्यायच्या आणि समोरच्याला खरोखर दिसेल तेवढंच सैन्य पंच नकाशावर मांडणार. मला हा बदल फार मोठा वाटतो, कारण इथे पहिल्यांदा मॅप ही सगळ्यांनी सगळी बघायची वस्तू राहिली नाही. कोणाला काय दिसतं हे ठरवणारा एक माणूस मधे आला, तोच पुढे आपला डीएम.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. १९४२ मधे लिव्हरपूलला ब्रिटिश नौदलाने गिल्बर्ट रॉबर्ट्सच्या हाताखाली एक युनिट उघडलं, जर्मन पाणबुड्यांशी कसं लढायचं ते अधिकाऱ्यांना खेळातून शिकवायला. त्यांनी टेबलाचा नादच सोडला, अख्ख्या जमिनीवर चौकोन आखले, दोन रेषांत १० इंच, म्हणजे एक नॉटिकल मैल, आणि शिकणाऱ्यांना कडेने कॅनव्हासच्या पडद्यामागे बसवलं, पडद्याला फट, त्या फटीतून दिसेल तेवढाच समुद्र. जहाजांच्या वाटा पांढऱ्या खडूने काढायचे आणि पाणबुडीची हिरव्या खडूने, कारण त्या फटीतून हिरवी रेघ दिसायचीच नाही. आज आपण ज्याला फॉग ऑफ वॉर म्हणतो, म्हणजे खेळाडूंना न दिसणारा भाग झाकून ठेवणं, आणि सॉफ्टवेअरमधे बटण दाबून लावतो ते खडू आणि कापडाने केलेलं!

आता रोलप्लेइंगकडे. १९६९ मधे अमेरिकेत, मिनियापोलिस-सेंट पॉल भागात, डेव्ह वेस्लीने नेपोलियनच्या काळातला एक खेळ मांडला आणि अपेक्षेपेक्षा बरेच जास्त, वीसेक लोक आले. एवढे जण एका टेबलाभोवती कसे बसवणार, तर त्याने प्रत्येकाला गावातली एकेक भूमिका दिली आणि एकेकाला, दोघांना बाजूच्या खोलीत बोलावून काय करायचंय ते विचारलं. मिनिएचर (सैनिकांच्या छोट्या बाहुल्या) टेबलावर तशाच राहिल्या आणि खरा खेळ बोलण्यातून झाला. त्याच ग्रुपमधल्या डेव्ह आर्नेसनने यातूनच पुढे स्वतःची कॅम्पेन (अनेक बैठका सलग चालणारी गोष्ट) सुरू केली, आणि १९७४ मधे गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचं डन्जन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आलं. त्या पहिल्या पुस्तिकेत लिहिलंय की एका कॅम्पेनमधे चार ते पन्नास खेळाडू चालतील आणि साधारण वीस जणांमागे एक रेफरी, म्हणजे डीएम, असावा. वीस! आज आठव्या माणसाला हो म्हणताना आपण दहा वेळा विचार करतो.

हे जमायचं कारण मॅप डीएमकडे ग्राफ पेपरवर असायचा आणि खेळाडूंमधला एकजण मॅपर असायचा. डीएम सांगणार, उत्तरेला तीस फूट कॉरिडॉर, मग डावीकडे दार, आणि मॅपर ऐकून आपल्या कागदावर काढणार. चुकला तर सगळी पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, चुकली. शिवाय कॉलर असायचा, जो सगळ्यांच्या वतीने डीएमला बोलायचा. गायगॅक्स तर फाइलिंग कॅबिनेटच्या आड बसायचा, खेळाडूंना नुसता आवाज यायचा, असं त्याच्या सुरुवातीच्या खेळाडूंनी सांगून ठेवलंय.

मग मॅप टेबलावर आला कधी? बीज आधीपासून होतं, कारण नियमांमधली अंतरं इंचात होती, ती मिनिएचरच्या युद्धखेळातून आलेली. डन्जनमधे, म्हणजे ज्या भुयारात पार्टी शिरते तिथे, एक इंच म्हणजे दहा फूट. पुढे विनाइलच्या मॅट आल्या, इंचाइंचाचे चौकोन छापलेल्या, वेट-इरेज पेनाने लिहायच्या आणि ओल्या फडक्याने पुसायच्या. (लाल पेन वापरू नका, आमच्या मॅटवर लाल पेनाने काढलेली एक नदी अजून फिकट दिसते.) त्यात १९७७ पासून जजेस गिल्ड कंपनीने डीएमचा पडदा (डीएमने आपले कागद लपवायला समोर उभा करायचा) छापून विकायला सुरुवात केली होती, म्हणजे टेबलाची एक अख्खी बाजू तिकडे गेली.

पण खरा घोळ स्केलचा आहे आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत एक इंचाचा चौकोन पाच फुटांचा झाला. साठ फुटी हॉल जुन्या हिशोबात सहा इंचात बसायचा, तो आता बारा इंच झाला, लांबीही दुप्पट आणि रुंदीही, म्हणजे टेबलावर चौपट जागा खायला लागला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर अंतरं थेट चौकोनातच दिली, मग मॅपशिवाय लढाई करणं अवघडच झालं. टेबलं होती तेवढीच राहिली.

नंतर स्क्रीन आले. २००४ ला फॅन्टसी ग्राउंड्स, २०१२ ला रोल२०, हे कॉम्प्युटरवर मॅप दाखवून खेळायचे प्रोग्राम, ते मुख्यतः लांब बसलेल्या लोकांसाठी, पण लोकांनी तेच मॅप प्रोजेक्टरने टेबलावर पाडले, नाहीतर टेबलात टीव्ही बसवला. ४३ इंची टीव्ही आडवा ठेवला की साधारण ३७ बाय २१ इंच जागा अडते, आणि इंचाला एक चौकोन धरला तर लढाईही तेवढ्यातच बसवावी लागते. दिसतं मस्त, मी नाकारत नाही, पण आठ जणांच्या टेबलावर जागेची अडचण तशीच राहते. तोच टीव्ही टेबलाच्या टोकाला उभा केला तर टेबल मोकळं होतं आणि सगळ्यांना एकाच दिशेने दिसतं, फक्त मिनिएचर त्यावर उभ्या राहत नाहीत, टोकन (पात्राच्या जागी ठेवायची खूण) स्क्रीनवरच सरकवावे लागतात. लोखंडी पत्र्याचा बोर्ड भिंतीला टेकवून त्यावर चुंबकाचे टोकन लावणारेही आहेत, आणि फेटसारख्या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळांनी चौकोन सोडून नुसते झोन ठेवले, पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर 'अंगण', 'जिना', 'गच्ची' लिहिलं की झालं.

आमच्याकडे सध्या मोठा मॅप उभ्या स्क्रीनवर असतो, टेबलावर फक्त लढाई चालू आहे तेवढा दहा बाय दहा इंचाचा तुकडा, आणि डन्जनचा नकाशा एकजण ग्राफ पेपरवर काढतो. मागच्या खेपेला त्याने एक दार उजवीऐवजी डावीकडे काढलं आणि पाऊण तास आठही जण त्या दाराच्या शोधात होते, सगळे त्याच्या कागदावर वाकलेले.