कॉफी पडद्यावर कशी आली

ल्यूमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून चित्रपट दाखवले. तो खेळ कुठल्या नाट्यगृहात नव्हे, तर ग्रां कॅफे नावाच्या कॉफीगृहाच्या तळघरातल्या दालनात झाला. तिकीट एक फ्रँक होते आणि पहिल्या खेळाला पैसे मोजून आलेले प्रेक्षक जेमतेम ३३ होते. चित्रपटाचा धंदा असा कॉफीगृहाच्या पायथ्याशी सुरू झाला, तरी खुद्द कॉफीकडे कॅमेरा वळायला फार उशीर लागला. बहुतेक चित्रपट ज्या देशांत बनत होते, तिथे कॉफी प्यायली जाई, पिकत नसे. त्यामुळे दिग्दर्शकांच्या हाताशी कप होता आणि मळा समुद्रापलीकडे होता. आज कॉफीप्रेमी ज्या चित्रपटांच्या शोधात असतात, त्यांच्या इतिहासात हे अंतर हळूहळू कमी होत गेलेले दिसते, आणि ते कमी होण्यामागे कलेपेक्षा बाजाराचा वाटा मोठा आहे.

कपाच्या काळातले सर्वांत लक्षवेधी दृश्य फ्रेंच दिग्दर्शक जाँ-ल्यूक गोदारच्या १९६७ च्या ‘टू ऑर थ्री थिंग्ज आय नो अबाउट हर’ या चित्रपटात आहे. काळ्या कॉफीने भरलेला कप वरून दिसतो, चमचा फिरतो, फेसाचे बुडबुडे भोवऱ्यात सापडून एकमेकांना चिकटतात आणि फुटतात. कॅमेरा इतका जवळ जातो की कपाची कड चौकटीबाहेर जाते आणि पाहणाऱ्याला काळ्या आकाशात फिरणारी आकाशगंगा दिसू लागते. त्यावर दिग्दर्शकाचा स्वतःचा कुजबुजता आवाज भाषेविषयी आणि माणसाच्या एकटेपणाविषयी बोलत राहतो. दृश्य अप्रतिम आहे. पण तिथली कॉफी चिंतनाचे निमित्त आहे, ती कुठून आली हा प्रश्न त्या आवाजाला पडत नाही.

अमेरिकी दिग्दर्शक जिम जार्मुशने १९८६ मध्ये याच नावाचा लघुपट करून ज्या मालिकेला आरंभ केला, त्या ‘कॉफी अँड सिगरेट्स’मध्येही कॉफी गप्पांचे, किंबहुना न जमलेल्या गप्पांचे, निमित्तच आहे. त्यांतल्या टॉम वेट्स आणि इगी पॉप या गायकांच्या लघुपटाला १९९३ मध्ये कान महोत्सवात लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि २००३ मध्ये अकरा प्रसंगांचा कृष्णधवल चित्रपट पूर्ण झाला. चौकटीचौकटीचे टेबल, त्यावरचे कप वरून टिपणारा कॅमेरा आणि समोरासमोर बसून अवघडलेली दोन माणसे, एवढाच काय तो ऐवज. तरी कॉफीगृहात बसण्याची गंमत इतकी नेमकी पकडणारा दुसरा चित्रपट मला तरी आठवत नाही.

मळा पडद्यावर दिसला नव्हता, असे मात्र नाही. १९८५ च्या ‘आउट ऑफ आफ्रिका’मध्ये केनियातल्या न्गाँग टेकड्यांच्या पायथ्याचा कॉफीचा मळा आहे. ज्यांच्या आठवणींवर तो बेतला आहे, त्या डॅनिश लेखिका कारेन ब्लिक्सेन १९१४ मध्ये तिथे गेल्या आणि १९३१ मध्ये मळा विकून परतल्या. ती जमीन सहा हजार फुटांहून उंचावर, कॉफीला जरा जास्तच उंच होती, आणि ते पीक कधी नीट परवडले नाही. चित्रपटाने यातले अपयश आणि कारखान्याची आग घेतली, पण त्याचे लक्ष प्रेमकथेवर राहिले. हिरव्या रांगा पार्श्वभूमीला सुंदर दिसतात, एवढेच.

खरे वळण १९८९ मध्ये आले, तेही चित्रपटगृहाबाहेर. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी करारानुसार निर्यातदार देशांना कोटा ठरवून दिला जाई आणि भाव एका पट्ट्यात राखले जात. पुढे तो पट्टा पौंडभर कॉफीला १२० ते १४० अमेरिकी सेंट असा होता. जुलै १९८९ मध्ये कोटा पद्धत कोसळली. त्यात व्हिएतनामसारख्या देशांचे उत्पादन झपाट्याने वाढले, आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. त्याच वर्षांत श्रीमंत देशांच्या शहरांत कॉफीगृहांच्या साखळ्या पसरत होत्या आणि कपाची किंमत वाढत होती. दोन भावांमधली ही दरी कोणाही माहितीपटकाराला आयतीच गोष्ट पुरवणारी होती.

ती गोष्ट मार्क आणि निक फ्रान्सिस या बंधूंच्या ‘ब्लॅक गोल्ड’ने २००६ मध्ये सांगितली. इथिओपियातल्या ओरोमिया कॉफी उत्पादक सहकारी संघाचे व्यवस्थापक तादेसे मेस्केला हे या चित्रपटाचे नायक. ते दलाल टाळून थेट खरीदार शोधत परदेशी फिरतात, आणि त्यांच्या मागोमाग आपण गोदामे, प्रदर्शने आणि २००३ ची कानकून येथील जागतिक व्यापार परिषद पाहतो. मनात राहते ती दाणे निवडणारी शेड. रांगेने बसलेल्या बायका खराब दाणे बोटांनी बाजूला सारतात, दिवसभराच्या कामाचे सुमारे अर्धा डॉलर मिळतात, आणि कॅमेरा तिथे घाई न करता थांबतो. दुसरीकडे एक शेतकरी कॉफीची झाडे काढून ‘खात’ नावाच्या नशेच्या पाल्याची लागवड करण्याचा हिशोब मांडतो. त्याचा हिशोब चुकीचा आहे असे चित्रपट म्हणत नाही, हे मला त्याचे मोठेपण वाटते.

त्यानंतर सूर बदलला. ‘स्पेशालिटी कॉफी’, म्हणजे निवडक, उच्च दर्जाची कॉफी, हा शब्द एर्ना क्नुटसेन यांनी १९७४ मध्येच रूढ केला होता. २००० मध्ये जागतिक बरिस्ता स्पर्धा सुरू झाली आणि कॉफी बनवणारा माणूसच पडद्याचा नायक होऊ शकतो, हे लक्षात आले. अमेरिकेतल्या स्पर्धकांवरचा ‘बरिस्ता’ २०१५ मध्ये आला. त्याच वर्षी जागतिक विजेता ठरलेल्या साशा सेस्टिक यांच्यावर २०१६ मध्ये ‘द कॉफी मॅन’ आला. यांत स्पर्धेचा थरार आहे, मेहनतही खरी आहे, पण घड्याळ आणि गुणपत्रिका यांच्यापुढे भावाचा प्रश्न मागे पडतो.

ब्रँडन लोपर यांचा २०१४ चा ‘अ फिल्म अबाउट कॉफी’ या सर्वांत देखणा. टोकियोतल्या दायबो या छोट्या कॉफीगृहाचा प्रसंग कोणत्याही कॉफीप्रेमीने चुकवू नये. कात्सुजी दायबो फ्लॅनेलच्या गाळणीवर पाण्याची दोऱ्यासारखी बारीक धार सोडतात, केटली जवळजवळ हलत नाही आणि पूड हळूहळू फुगते. १९७५ मध्ये सुरू झालेले ते कॉफीगृह डिसेंबर २०१३ मध्ये बंद झाले, त्यामुळे हे चित्रण आता दस्तऐवजही आहे. याच चित्रपटात रवांडातले उत्पादक स्वतः पिकवलेल्या कॉफीचा एस्प्रेसो आयुष्यात प्रथम चाखतात. प्रसंग आनंदाने दाखवला आहे, आणि आनंद खोटा नाही. पण इतकी वर्षे तो घोट त्यांच्यापर्यंत का पोहोचला नाही, हे विचारायला चित्रपट थांबत नाही.

तो प्रश्न एका कथापटाने विचारला. ग्वातेमालाच्या हायरो बुस्तामान्ते यांचा २०१५ चा ‘इक्सकानूल’ बहुतांशी काकचिकेल या माया भाषेत आहे आणि बर्लिन चित्रपट महोत्सवात त्याला रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला. ज्वालामुखीच्या उतारावरच्या कॉफीच्या मळ्यात राबणाऱ्या कुटुंबातल्या मारियाचे लग्न मुकादमाशी ठरते, कारण डोक्यावरचे छप्पर त्याच्या मर्जीवर टिकते. तिचे मन मात्र पेपे नावाच्या मजुरावर असते आणि त्याचे डोळे डोंगरापलीकडच्या अमेरिकेकडे लागलेले असतात. ती गरोदर राहते, तो तिला न घेताच निघून जातो, आणि घर सुटण्याची भीती साऱ्या कुटुंबाला व्यापते.