पट्टा पुढे, पाणी मागे

कारखान्याचे उपाहारगृह, मोठे रुग्णालय किंवा वसतिगृह यांच्यासाठी भांडी धुण्याचे यंत्र घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न पंपाच्या ताकदीचा असतो आणि दुसरा पाण्याच्या तापमानाचा. ज्या सरकत्या पट्ट्यावर खरकटी ताटे लावायची, तो मात्र केवळ वाहतुकीचे साधन समजला जातो. वास्तविक अशा यंत्रात पाण्याची काटकसर आणि भांड्यांची स्वच्छता या दोन्ही गोष्टी पट्टा पाण्याच्या कोणत्या बाजूने चालतो आणि जाता जाता आपल्याबरोबर काय ओढून नेतो, यांवर अवलंबून असतात.

अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले आणि जे १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात गाजले, त्यात ताटल्या तारेच्या कप्प्यांत बसत आणि साबणाचे गरम पाणी त्यांच्यावर आपटत असे. ब्रशऐवजी पाण्याच्या माऱ्याने घासण्याची ही कल्पना आजही कायम आहे. तासाला हजारो ताटे धुणाऱ्या आजच्या यंत्रांत ताटे मात्र एका जागी थांबत नाहीत. खुंट्यांच्या पट्ट्यावर तिरकी उभी राहून ती ओळीने असलेल्या टाक्यांवरून सरकतात: आधी खरकटे काढणारी, मग डिटर्जंटने घासणारी, मग विसळणारी टाकी आणि शेवटी ताज्या गरम पाण्याचा फवारा.

यातील पहिली टाकी मुद्दाम कोमट, साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअस ठेवलेली असते. अंड्यातील आणि दुधातील प्रथिने साठ अंशांच्या पुढे गोठून ताटाला घट्ट चिकटतात, त्यामुळे आरंभीच कढत पाणी ओतणे म्हणजे खरकटे पक्के करणे होय. उलट शेवटचा फवारा ८२ अंशांच्या खाली असू नये, असे अमेरिकेतील अन्नसुरक्षा संहिता सांगते, कारण ताटाचा पृष्ठभाग किमान ७१ अंशांपर्यंत तापल्याशिवाय जंतूंचा पुरेसा नाश होत नाही. तीच संहिता ९० अंशांची वरची मर्यादाही घालते. त्यापलीकडे पाण्याची ताटावर पोचण्याआधीच वाफ होऊ लागते आणि उष्णता ताटाऐवजी हवेला मिळते. ‘जितके गरम तितके निर्जंतुक’ असा दावा करणाऱ्या विक्रेत्याला ही मर्यादा अवश्य विचारावी. नळाला चुंबक लावून जड पाण्याचे क्षार रोखण्याचा जो उपाय अशा यंत्रांबरोबर कधी कधी खपवला जातो, त्यालाही भक्कम पुरावा नाही. बोअरवेलच्या जड पाण्यासाठी कॅल्शियमचे आयन सोडियमने बदलणारे मृदूकरण यंत्रच लागते.

आता या यंत्राच्या सर्वांत देखण्या युक्तीकडे वळू. ताजे पाणी फक्त शेवटच्या फवाऱ्यातून येते. ते ताटांवरून निथळून विसळण्याच्या टाकीत पडते, तेथून ओसंडून घासण्याच्या टाकीत, तेथून खरकट्याच्या टाकीत आणि मग गटारात जाते. ताटे पुढे जातात आणि पाणी मागे येते. पाणीटंचाईत कपडे विसळताना शेवटच्या बादलीचे पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या विसळणीला वापरतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

याचा लाभ किती, हे थोड्या गणिताने कळते. प्रत्येक ताट एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाताना अंगाला चिकटलेले थोडे मळके पाणी घेऊन जाते. या पाण्याला ‘ओढ’ म्हणू. समजा, प्रत्येक ताटामागे ओढीच्या दहापट ताजे पाणी आपण वापरतो आणि प्रत्येक टाकीतील पाणी नीट ढवळले जाते. सगळे पाणी एकाच टाकीत वापरले, तर एक भाग मळके पाणी दहा भाग ताज्या पाण्यात मिसळून मळ अकरावा हिस्सा उरतो. तेवढेच पाणी तीन टाक्यांत समान वाटून प्रत्येक टाकीत वेगळे विसळले, तर मळ सुमारे एक्याऐंशीवा हिस्सा उरतो. पण तेच पाणी तिन्ही टाक्यांतून उलट दिशेने नेले, तर मूळ मळाला उरलेल्या मळाने भागून येणारा भागाकार १ + १० + १०० + १०००, म्हणजे ११११ होतो. थेंबभरही जास्त पाणी न वापरता एकीकडे अकरा आणि दुसरीकडे अकराशे अकरा! कारण असे की सर्वांत स्वच्छ पाण्याची गाठ सर्वांत स्वच्छ ताटाशी पडते आणि मळलेले पाणी त्याहून मळलेल्या ताटावर अजून उपयोगी ठरते. रासायनिक उद्योगांत हे तत्त्व सर्रास वापरतात.

हे गणित ज्या एका आकड्यावर उभे आहे, तो म्हणजे ताजे पाणी आणि ओढ यांचे गुणोत्तर. ओढ दुप्पट झाली की गुणोत्तर पाचावर येते आणि भागाकार १ + ५ + २५ + १२५, म्हणजे केवळ १५६ उरतो. ओढ दोनपट वाढली, पण मळ सातपट वाढला. पट्टा महत्त्वाचा ठरतो तो येथे, कारण ओढ फक्त ताटांची नसते, पट्ट्याचीही असते. जाड खुंट्या, सपाट पट्ट्या आणि खोबणींत अडकलेले पाणी हे सर्व न धुतलेल्या ताटाइतकेच मळ पुढे नेते. म्हणून खुंट्या बारीक करणे, ताटाशी त्यांचा स्पर्श एखाद्या बिंदूपुरता ठेवणे आणि दोन टाक्यांमध्ये निथळायला जागा देणे या सुधारणा पंप मोठा करण्यापेक्षा अधिक फलदायी असतात.

पट्टा उष्णताही ओढून नेतो. समजा, पट्ट्याचे पोलाद मीटरला दहा किलो आहे, वेग मिनिटाला दीड मीटर आहे आणि प्रत्येक फेरीत ते चाळीस अंशांनी तापून पुन्हा निवते. पोलादाची विशिष्ट उष्णता किलोला सुमारे ०.५ किलोज्यूल धरली, तर मिनिटाला ३०० किलोज्यूल, म्हणजे ५ किलोवॉट वीज नुसता पट्टा तापवण्यात जाते. पॉलिप्रॉपिलीनचा तेवढ्याच आकाराचा भाग निम्म्याहून कमी उष्णता साठवतो आणि मंद वाहक असल्याने तेवढ्या वेळात पूर्ण तापतही नाही. खुंट्या प्लास्टिकच्या करण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

ताट समोर आले तरच शेवटचा फवारा सुरू करणारा संवेदक ही आणखी एक चांगली सुधारणा आहे, कारण त्याने दर ताटामागचे ताजे पाणी तेवढेच राहते. मात्र पट्टा रिकामाच फिरत राहिला, तर फवारा बंद असतो आणि पट्ट्याची ओढ चालूच राहते, त्यामुळे मळके पाणी हळूहळू स्वच्छ टाकीकडे सरकते. अशा वेळी पट्टाही आपोआप थांबायला हवा.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद आणली, पण ही यंत्रे घडली ती चिनी मातीच्या सपाट ताटल्यांसाठी. पोलादी ताट हलके असल्याने खालच्या फवाऱ्याने उलटते, म्हणून त्यावर धरून ठेवणारी जाळी लागते. वाटीची अडचण अधिक सूक्ष्म आहे. ती पालथी ठेवली की तिच्या बुडाच्या खोलगट भागात पाणी साचते आणि ते जसेच्या तसे पुढच्या टाकीत जाते. ही ओढ ताटाच्या ओल्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त असू शकते आणि वर पाहिलेला अकराशे अकराचा भागाकार तिथेच कोसळतो. वाट्या थेट पट्ट्यावर न ठेवता रॅकमध्ये पालथ्या आणि पुरेशा तिरक्या बसवल्या, तर बुडावरचे पाणी त्याच टाकीत परत निथळते, आणि त्यासाठी रॅकच्या तारांचा कोन बदलण्यापलीकडे यंत्रात काहीही बदलावे लागत नाही.