स्केटबोर्डिंगमधील क्वीअर अभिव्यक्ती

एलजीबीटीक्यू, म्हणजेच क्वीअर (समलिंगी, ट्रान्स इत्यादी) स्केटरांनी खेळातून, बोर्डांवरच्या चित्रांतून आणि स्वतःच्या छोट्या कंपन्यांतून उभी केलेली संस्कृती. तिची वाढ प्रामुख्याने अमेरिकेत झाली.

स्केटबोर्डिंग बंडखोरांचा खेळ म्हणून मिरवत आले, पण समलिंगी खेळाडूंच्या बाबतीत ते बराच काळ कमालीचे कर्मठ होते. व्यावसायिक स्केटरचे पोट त्याच्या नावाच्या बोर्डांवर आणि प्रायोजकांवर चालते, आणि गिऱ्हाईक बहुतांशी किशोरवयीन मुले. मग गप्प राहण्यातच शहाणपण ठरले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस टिम व्हॉन वर्न या उगवत्या स्केटरची, समलिंगी असल्याबद्दल मोकळेपणाने बोललेली मुलाखत छापूच दिली गेली नाही. त्यांनी व्यावसायिक होण्याचा नाद सोडला. १९९९ चा ‘थ्रॅशर’ मासिकाचा ‘स्केटर ऑफ द इयर’ हा सर्वोच्च मान मिळवलेल्या ब्रायन अँडरसन यांनाही जाहीरपणे बोलायला २०१६ साल उजाडावे लागले. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते.

कलेत खरी उसळी त्यानंतर आली. कॅलिफोर्नियातील ऑकलंडचे चित्रकार जेफ्री चंग आणि त्यांचे जोडीदार गेब्रिएल रामिरेझ यांनी ‘युनिटी’ हा क्वीअर स्केटरांचा गट सुरू केला. चंग बोर्ड हाताने रंगवत. भडक, सपाट रंग. एकमेकांत गुंतलेली गुबगुबीत उघडी शरीरे. बाई कोण, पुरुष कोण हे सांगता येऊ नये अशी. चित्र असते बोर्डाच्या खालच्या अंगाला. रेलिंगवरून घसरताना ते खरवडले जाते, म्हणजे ही कला भिंतीवर जपण्यासाठी नसून झिजवण्यासाठी आहे. कवट्या आणि उत्तान बायकांच्या चित्रांना सरावलेल्या या धंद्यात अशी प्रेमळ शरीरे आणणे हे मोठेच धाडस होते.

ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेले) स्केटर लिओ बेकर यांनी २०२० मध्ये शेर स्ट्रॉबेरी आणि स्टीफन ओस्ट्रोव्स्की यांच्यासह ‘ग्लू’ ही कंपनी काढली. टोकियो ऑलिंपिकसाठीच्या अमेरिकी संघातून ते आधीच बाहेर पडले होते, कारण तिथे महिला गटात खेळावे लागले असते. त्याच स्पर्धेत २०२१ मध्ये नॉन-बायनरी (स्वतःला केवळ स्त्री किंवा पुरुष न मानणारे) स्केटर अलाना स्मिथ आपली लिंगनिरपेक्ष सर्वनामे बोर्डावर लिहून खेळले. समालोचकांनी मात्र त्यांचा उल्लेख स्त्रीलिंगीच केला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही स्केटबोर्डिंगचे गट पुरुष आणि महिला असे दोनच होते.